धाडहून डनेडिनला

डनेडिन, न्यूझीलंड
२४ नोव्हेंबर

चि. सौ. अर्पिता हिला,

आपली ओळख नाही. मी कुमुद देवधर. मूळची पुण्याची, पण लग्न करून इथे आले त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. यजमान आता नाहीत, मुलगी ऑस्ट्रेलियात असते. तुझ्या नवऱ्याला, प्रज्वलला, ज्या इस्पितळात ठेवलं आहे तिथल्या लोकांनी मला बोलावून घेतलं, कारण मराठी बोलणारं दुसरं कुणी त्यांना सापडलं नाही. परवा तुझ्या सासऱ्यांशी फोनवर बोलले ती मीच.

तुझ्याशी नीट बोलणं झालं नाही. मागे तुझ्या सासूबाई रडत होत्या आणि तू नुसतं "हो काकू, हो काकू" म्हणत होतीस. म्हणून सगळं लिहिते. प्रज्वल कामाला होता ते दुधाचं फार्म इथून दोन तासांवर आहे. गुरुवारी पहाटे तो गाई आणायला चार चाकांची मोटरसायकल घेऊन टेकाडावर गेला. गवत ओलं होतं. गाडी उलटली आणि त्याच्या अंगावर आली. मार डोक्याला आहे. मालकाने हेलिकॉप्टर मागवून इथे आणलं. तेव्हापासून त्याला शुद्ध नाही आणि श्वास यंत्रावर चालू आहे.

नर्स म्हणतात, अशा माणसाला कधी कधी ऐकू जातं. काल तुझा फोन त्याच्या कानाशी धरला, पण तुला बोलवेना. तर तू लिही. घरच्या, रोजच्या गोष्टी लिही. हाताने लिहून फोटो पाठव, मी त्याच्या कानाशी वाचेन. मलाही मराठी टाइप करता येत नाही, मीही असंच करते आहे.

तुमच्यापैकी कुणी येऊ शकेल का, असं डॉक्टरांनी विचारलं आहे. जमेल तितकं लवकर.

कुमुद देवधर


धाड, जि. बुलढाणा
२५ नोव्हेंबर

कुमुदकाकू यांना नमस्कार,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. मीच येणार होते. माझा पासपोर्ट काढलेला आहे, बाळ झाल्यावर त्याला घेऊन मी तिकडे जाणार होते. पण मला आता नववा लागतोय. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी बीपी पाहिलं आणि म्हणाले, विमान राहू द्या, तुम्ही एसटीनेही हिंडू नका. मी म्हटलं, किती तासांचं विमान असलं तर चालतं? ते म्हणाले, ताई, तास विचारू नका. विमान कंपनी डॉक्टरची चिठ्ठी मागते आणि डॉक्टर चिठ्ठी देत नाहीत.

त्यामुळे मामाजी येतील, म्हणजे माझे सासरे. त्यांचा पासपोर्ट यांनीच हट्टाने काढून ठेवला होता. व्हिसासाठी इस्पितळाचं पत्र लागतं म्हणतात, ते कृपा करून पाठवा.

खालचं यांना वाचून दाखवा. आमच्या बोलीत आहे, हसू नका. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई.

"आहो, आयकून राह्यले का? मी बोलून राह्यली. घरी सगळे बरे हायेत. आपल्या मिरचीचा तिसरा तोडा झाला, भाव बरा भेटला. आत्याबाईची कंबर दुखते, पण बसत नाईत त्या. तुमी गेल्यापासून काळ्या गोऱ्ह्यानं मामाजीशिवाय कोणाले हात लावू देला नाही. बाळ लय फिरते. काल बाजारात लाउडस्पीकर लागला तर आतून असं ढोसलं का मी भाजीवालीचा खांदाच धरला. ती म्हणे, काऊन वं, काय झालं? मी म्हटलं, काई नाही, बापावर गेलं हाये, शांत बसवत नाही. तुमी डोळे उघडा. बाकी काई नोका करू, फक्त डोळे उघडा."

अर्पिता


डनेडिन
२७ नोव्हेंबर

चि. सौ. अर्पिता हिला,

तुझं पत्र काल दोनदा आणि आज एकदा वाचलं. पहिल्यांदा माझी जीभ अडखळली. पुण्याच्या तोंडात "आयकून राह्यले का" बसेना. मग रात्री स्वयंपाकघरात एकटीने म्हणून पाहिलं. आज बरं जमलं. हसले नाही गं. चव्वेचाळीस वर्षांत कुणाच्या कानाशी इतकं मराठी बोलले नव्हते.

त्याचा ताप उतरला आहे. चेहऱ्यावर खरचटलं होतं ते भरत आलं. सकाळी नर्सने दाढी केली, तेव्हा हनुवटीवर एक जुनी खूण दिसली. फार्मचा मालक येऊन गेला. वयस्कर माणूस आहे, टोपी हातात घेऊन तासभर भिंतीशी उभा होता. डॉक्टर म्हणतात, वाट पाहू या.

तू वेळेवर जेव. बीपीची गोळी चुकवू नकोस. पुढचं लिहून पाठव.

कुमुदकाकू


धाड
२८ नोव्हेंबर

कुमुदताई यांस किसनराव याचा रामराम.

लिवायचं कारण, घरात फोनवर बोलता येत नाही. सून शेजारी उभी राहते. हे पत्र वावरात बसून लिवतो. फोटो इंद्रभान पाठवन, तो माह्या भावकीतला हाये, विश्वासाचा.

काल फोनवर तुमी जे सांगतलं ते मले समजलं. डोक्यात काई उरलं नाही, मशीन हाये म्हणून छाती हालते, काढलं का थांबन. हे मी घरात कोणाले सांगतलं नाही. प्रज्वलच्या मायलेबी नाही. अन् तुमीबी अर्पिताले सांगू नका, हे हात जोडून सांगतो. पोरीची माय अशीच गेली. बाळंतपणात बीपी वाढलं, झटके आले, दवाखान्याच्या दारात गेली. तवा अर्पिता सात वर्षांची होती. आता हिचंबी बीपी वाढून राह्यलं. एक गेला. मले दुसरे दोन घालवायचे नाहीत. डिलिव्हरी होऊ द्या, मंग मी माह्या तोंडानं सांगन. तोपर्यंत पत्रात गोड लिवा.

दुसरं असं का, मी पोचेपर्यंत मशीन काढू नका म्हणा. व्हिसा आज भेटला. परवा निंघतो. मी विमान कदी जवळून पाह्यलं नाही, पण येतो.

किसनराव


डनेडिन
२९ नोव्हेंबर

श्री. किसनराव यांना नमस्कार.

तुमची अट मला पटलेली नाही. तुमच्या सुनेला डोळे आहेत आणि ती वाचणारी मुलगी आहे. पण तिच्या आईचं वाचलं आणि माझ्याने नाही म्हणवलं नाही. मी लिहीन, जेवढं खोटं न लिहिता गोड लिहिता येईल तेवढं.

डॉक्टरांशी बोलले. त्यांनी विचारलं, वडील किती लांब आहेत? मी म्हटलं, बारा हजार किलोमीटर. त्यांनी नकाशा काढला. मुंबई त्यांना सापडली, पुढे बोट फिरवत राहिले. मी सांगितलं, गावातून जीपने संभाजीनगर, तिथून मुंबई, मुंबईहून साडेपाच तास सिंगापूर, तिथून दहा तास क्राइस्टचर्च, मग लहान विमानाने एक तास इथे. विमानातले तास थोडेच आहेत हो, पण मधे बसून राहावं लागतं, दोन दिवस जातील. ते म्हणाले, दोन दिवस आम्ही थांबू. यंत्र काढणार नाहीत.

सिंगापूरला उतरल्यावर घाबरू नका. सामान घ्यायचं नाही, ते आपोआप पुढे येतं. इंग्रजीत एक कागद लिहून पाठवते आहे, तो इंद्रभानकडून छापून घ्या आणि वरच्या खिशात ठेवा. तिथे गणवेशातला कुणीही दिसला की त्याला दाखवा. विमानात थंडी वाजते, शाल हातात ठेवा. मी विमानतळावर असेन.

कुमुद देवधर


धाड
१ डिसेंबर

कुमुदकाकू,

मामाजी काल निघाले. नवीन धोतर आणलं होतं पण नेसले नाहीत, म्हणाले जुनंच बरं. आत्याबाईंनी लेकासाठी ज्वारीची भाकर आणि ठेचा बांधून दिला. मी म्हटलं तिकडे विमानतळावर काढून घेतात, तर त्या ऐकेनात. इंद्रभानकाका जीप घेऊन आले, सगळी गल्ली बाहेर उभी होती. मामाजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढला.

फोनवर विमान दिसतं काकू, तुम्ही पाहिलं असेल. बारकं पिवळं विमान, खाली निळा समुद्र. दुपारपासून पाहतेय. पंधरा मिनिटं पाहिलं तरी ते हललंच नाही असं वाटतं. खाली लिहिलेलं असतं किती किलोमीटर गेलं आणि किती राहिलं. आत्याबाई विचारतात, कुठवर आला बुढा? मी म्हणते, समुद्रावर. दर वेळी समुद्रावरच.

एक चौकशी करून ठेवा. मी इथून एका एजन्सीला फोन केला होता. आजारी माणसाला झोपवून आणायचं असेल तर विमानातल्या काही सीटा काढून स्ट्रेचर लावतात म्हणे, सोबत डॉक्टर असतो. इतके तास ते यांना झेपेल का, हे तिथल्या डॉक्टरांना विचारा. नागपूरला चांगले दवाखाने आहेत. आम्ही सांभाळू.

हे वाचून दाखवा: "मामाजी येऊन राह्यले. त्यांले पाहून तरी डोळे उघडा. त्यांनी तुमच्यासाठी पह्यल्यांदा विमान पाह्यलं. ते म्हणतीन, उठ बे, वावरात पाणी द्याचं हाये. तवा उठजा."

अर्पिता


डनेडिन
४ डिसेंबर

चि. अर्पिता,

तुझे सासरे सुखरूप पोचले. मी त्यांना लांबूनच ओळखलं, टोपी, धोतर आणि हातात तो कागद. सिंगापूरला एका सफाईवाल्या तमिळ बाईने त्यांना हाताला धरून दारापर्यंत नेलं म्हणाले. भाकरी मात्र काढून घेतली.

ते सरळ इस्पितळात आले. आधी प्रज्वलच्या पायांशी उभे राहिले. मग खुर्ची ओढून त्याचे तळपाय चोळत बसले. नर्सने तेल आणून दिलं. मी तुझं पत्र वाचलं, "उठ बे" ते म्हणायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, हे मी म्हणतो. आणि म्हणाले.

डॉक्टर, नर्स सगळे फार चांगले वागले. त्याला काही दुखत नाही, हे मी तुला खात्रीने सांगते. तुझे सासरे काही दिवस राहून परत येतील. स्ट्रेचरचं अजून विचारलेलं नाही. तू आता स्वतःला जप, त्याच्यासाठी तेवढं कर.

कुमुदकाकू


धाड
५ डिसेंबर

काकू,

आज शुद्ध लिहायचं सुचत नाही, माह्या बोलीतच लिहिते.

तुमी आधीच्या दोन्ही पत्रांत "चि. सौ." लिहिलं होतं. या पत्रात "सौ." नाही. मी फोटो मोठा करून पाह्यला, वाटलं कडेले कापलं असन. कापलेलं नव्हतं. तुमी जुनी माणसं, तुमच्या हातून ते उगाच सुटत नाही. तुमच्यानं लिहवलं नाही.

मंग मी तुमच्या गावाचं नाव टाकून फोनवर शोधलं. तिकडच्या एका पेपरात चार ओळी हायेत. फार्मवरचा अपघात, भारतीय कामगार, मंगळवारी इस्पितळात मृत्यू. नाव बी हाये. स्पेलिंग चुकलं हाये, पण हेच हायेत.

तुमी काऊन लपवलं ते मले समजते. मामाजीनंच सांगतलं असन. माह्या मायचं त्यांले ठाऊक हाये. मी गोळी घेतली, पाणी पिली, डाव्या कुशीवर झोपून राह्यली. बाळ फिरून राह्यलं. मले काई झालं नाही काकू. मी आत्याबाईले बी सांगतलं नाही. त्या देवापाशी रोज दिवा लावून राह्यल्या.

मामाजीले सांगू नका का मले ठाऊक हाये. त्यांले एवढा समुद्र पार करून याचं हाये, तेबी यांले घेऊन. मनावर आनखी ओझं नको. माहं मागणं एकच. पेटी उघडता आली पाह्यजे. ते लोक पेटी पक्की बंद करून देतात असं आयकलं. तुमी तिथं बोला, का बायकोले तोंड पाह्याचं हाये. मले तेवढं पाह्यलंच पाह्यजे. पाह्यल्याशिवाय मले हे खरं वाटणार नाही, अन् पुढं सगळं जिनगीभर हे खरं धरून चालाचं हाये.

अर्पिता


डनेडिन
६ डिसेंबर

अर्पिता,

तुझं पत्र मी आज दुपारी पाहिलं. तू पाठवलंस तेव्हा इथे मध्यरात्र उलटून गेली होती. सकाळी लवकर निघायचं होतं आणि मी फोन घरीच ठेवला. इस्पितळातून आता कुणाचा फोन येणार होता?

मुली, पेटी नाही. आज सकाळी नऊ वाजता प्रज्वलवर इथेच अंत्यसंस्कार झाले.

मी हे कसं लिहू कळत नाही, म्हणून जसं झालं तसं लिहिते. मंगळवारी तुझ्या सासऱ्यांनी हो म्हटल्यावर यंत्र काढलं. अर्ध्या तासाने श्वास थांबला. ते त्याचे पाय धरूनच होते. मग त्यांनी मला विचारलं, इथं जाळता येते का? मी म्हटलं, तुम्ही त्याला घरी नेणार ना? ते म्हणाले, पेटी दारात उतरली का पोरगी पाहीन, अन् पाह्यली का तीबी जाईन. घरी राखच न्यायची, कुणाला न दिसता. मी त्यांना समजावलं, पण फार नाही. कागदावर त्यांची सही चालली. अपघाताची तपासणी काल संपली आणि आजचीच वेळ मिळाली.

आंघोळ आम्ही दोघांनी घातली. मला जेवढे आठवले तेवढे श्लोक म्हटले. आत जायच्या आधी ते त्याच्या कानात काहीतरी बोलले, मला ऐकू आलं नाही.

घरी आलो, ते दमून झोपले, आणि मी फोन उघडला. तुझं पत्र वाचून मी न्हाणीघरात जाऊन बसले. उद्या त्यांचं परतीचं विमान आहे. त्यांना दाखवू का? तू सांगशील तसं करते. मी रागाला पात्र आहे, तेही लिही.

कुमुद


बुलढाणा
२ जानेवारी

काकू,

तवा मी तुमाले एकच ओळ पाठवली होती, "दाखवू नका." त्यानंतर महिना झाला. आज लिहिते, कारण तुमी तीनदा विचारलं अन् मी उत्तर देलं नाही.

मामाजी आठ तारखेले आले. जीप थांबली तवा मी अन् आत्याबाई दारात होतो. आत्याबाईनं विचारलं, "कसा हाये पोरगा?" ते म्हणाले, "झोपून हाये. वेळ लागन." माह्याकडं पाह्यलं नाही. मी म्हटलं, "पाय धुवा मामाजी, ताट वाढते." त्यांची मोठी बॅग घरात आली. हातातली लहान पिशवी आली नाही, ती जीपमधून वावरात गेली. राख घरात आणत नाईत, झाडाले टांगतात, हे मले ठाऊक हाये. रोज सकाळी ते वावरात जात अन् डोळे लाल करून येत. म्हणत, मिरचीचा खार उडाला.

आत्याबाईनं नवव्याची ओटी भरायचं काढलं. म्हणाल्या, इकडं शुभ झालं का तिकडं पोराले गुण येईन. त्यांले नाही कशी म्हणू? बाया आल्या, गाणे म्हटले. मी हिरवं पातळ नेसून पाटावर बसली. त्यांनी कुंकू लावलं ते मी लावून घेतलं, बांगड्या भरल्या त्या भरून घेतल्या. मामाजी बाहेर ओट्यावर बसून होते, आत आले नाहीत. दारातून त्यांची पाठ दिसत होती. ती हालत होती.

वीस तारखेले बीपी वाढलं तसं ऑपरेशन करून मोकळी केली. पोरगी झाली. लहान हाये, म्हणून आमी अजून दवाखान्यातच हावो, पण रडते जोरात. मी बरी हाये.

तिसऱ्या दिवशी मामाजी दवाखान्यात आले. एकटेच. आत्याबाईले त्यांनी त्या सकाळी घरी सांगतलं होतं, म्हणून त्या आल्या नाहीत. ते स्टुलावर बसले. पोरीले पाह्यलं, हात लावला नाही. मंग म्हणाले, "पोरी, एक सांगाचं हाये."

मी म्हटलं, "सांगू नका. समजलं मले."

"कदी समजलं?"

मी त्यांच्याकडं पाह्यलं. एका महिन्यात माणूस एवढा वाळते हे मी पह्यल्यांदा पाह्यलं. मी म्हटलं, "आत्ताच. तुमी दारातून आत आले तवा, तुमचं तोंड पाहून."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मंग म्हणाले, "तुले त्याचं तोंड पाहू द्याले पाह्यजे होतं का वं मी? रोज हेच डोक्यात येते. सांग खरं."

मी म्हटलं, "नाही मामाजी. तवा पाह्यलं असतं तर मी वाचली नसती. तुमी केलं ते बरोबर केलं."

तवा ते रडले. मी त्यांले रडू देलं. नर्स आली अन् परत गेली.

काकू, मी त्यांच्याशी खोटं बोलली. ते खोटं आता तुमच्याजवळ अन् माह्याजवळ हाये. माहं पाच तारखेचं पत्र फाडून टाकजा, फोनमधूनबी काढजा. मामाजी कदी तुमाले फोन करतीन अन् विचारतीन, तर तुमी म्हणजा, तिले काई ठाऊक नव्हतं.

तुमी राग इचारला. राग हाये. तो कोणावर हाये ते मले नीट सांगता येत नाही. कदी तुमच्यावर असते, कदी त्या गाडीवर, कदी फोनमधल्या त्या पिवळ्या विमानावर, जे हालतच नव्हतं. मामाजीवर करायचा होता, तो करता येणार नाही आता.

पोरगी उठली. तिले घ्याले लागन.

अर्पिता